खरं

गणपत गल्लीत, बांगडीवाल्याच्या जिन्याखाली
साडेचार बाय सहाची माझी जागा.
पाटीवर कानडी मोठ्ठं, खाली मराठी बारकं,
काउंटरच्या काचेला चीर. तिला भाषा नाही.
मी फोन उघडते.

कुणी विचारलं नसलं तरी सांगते:
बॅटरी डिंकानं चिकटवणारी कंपनी
कुणाचं भलं करणार नाही.
स्क्रू होते तेव्हा बरं होतं.
आता नव्या फोनची बातमी आली की
पोरं दुकानासमोर भांडतात,
जशी काय कंपनी त्यांची सासुरवाडी.
म्हणे हा कानडी ऐकून मराठीत बोलतो, जागच्या जागी.
त्यात काय?
शहापूरची यल्लूमावशी मेथी विकताना
एका वाक्यात तीनदा करते हे,
चार्जिंग न करता.

मी त्या फोनवर लिहिलं, काय करूलालास?
त्यानं खाली लाल रेघ मारली
आणि सुचवलं: काय करू लाल लसूण.
हसले. मग थोडं लागलंही.
कुठल्या तरी काचेच्या इमारतीत ठरलंय
की आम्ही बोलतो ती चूक.
पुण्याचे पाहुणेही तेच म्हणतात,
खरं ते निदान चहा तरी पितात.

मंगळवारी बाळाराम कंग्राळकर आला, डिस्प्ले गेलेला.
पाठोपाठ ईरण्णा बडिगेर, चार्जिंगची पिन सैल.
दोघांचे फोन माझ्या निळ्या रबरी चटईवर,
पाठी उघड्या, शेजारी शेजारी.
सुरू केले, तर दोन्हीकडं एकच व्हिडिओ:
बस. फुटलेल्या काचा. धूर.
एकात मराठी आवाज: बघा, आपल्या बसची काय दशा केली.
दुसऱ्यात कानडी: तेच वाक्य.
मागचं रडकं संगीतसुद्धा तेच, फुकटातलं.

माझा नवरा डेपोत. सव्वीस वर्षं स्टेअरिंग.
बस दिसली की माझी नजर आधी ड्रायव्हरकडं जाते.
थांबवला. दोन बोटांनी मोठा केला.
ड्रायव्हरची सीट डाव्या अंगाला.

अहो, म्हटलं, ही बस ना निपाणीची ना हुबळीची.
समुद्रापलीकडच्या कुठल्या मुलखातली.
तिथल्यांना तुमच्या गावाचं नाव माहीत नाही, एकही,
आणि त्यांच्या काचांसाठी तुम्ही इथं दगड हुडकताय.

दोघं वाकले. दोघांनी बघितलं.
बाळाराम म्हणाला, "खरं..."
ईरण्णा त्याच्या कानडीत, "खरे..."

बाहेरच्यांना सांगायला हवं:
आमच्याकडं खरं म्हणजे सत्य,
आणि खरं म्हणजे पण.
येतो, खरं वेळ नाही.
पटतंय, खरं पाठवून झालंय.
कुठल्या भाषेनं कुणाकडून उसना घेतला हा शब्द, देव जाणे.
परत मात्र कुणी केला नाही.

आता म्हणे खोटं पकडायचं यंत्र निघालंय.
आणा की इकडं एकदा.
सत्य दाखवल्यावर माणूस जो पहिला शब्द काढतो
तिथंच ते गरम होऊन बंद पडेल,
आणि दुरुस्तीला माझ्याकडंच येईल.

संध्याकाळी नेट बंद झालं, वरून हुकूम.
दोघांच्या खिशात दमडी नाही, सगळं फोनात.
वहीत लिहून घेतलं:
कंग्राळकर अठराशे, बडिगेर दोनशे.
तीन दिवस गल्लीत लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते,
आणि कुणाला काय बोलावं सुचत नव्हतं.

शुक्रवारी नेट आलं.
दोघांचेही पैसे आले, पै न् पै. माणसं वाईट नाहीत.
मागोमाग व्हिडिओही आला, बाळारामकडून.
तीच बस, तोच धूर,
ड्रायव्हर उजव्या अंगाला.

कुणीतरी अख्खं चित्र आरशासारखं फिरवलं होतं.
माझी चूक काढलेली त्यांनी दुरुस्त केली.
फक्त बसवरची अक्षरं उलटी झाली होती.
ती तशीही
कुणी वाचत नव्हतं.