कुणाच्या नियमानं पडायचं

इलियास नदाफचा फुग्या पैलवान
दर वीस सेकंदांनी कुठून तरी पडतो.
टाकीवरून, उंटावरून, स्वतःच्याच मिशीला अडखळून.
पडला की पापडासारखा चपटा,
मग टुणकन गोल.
सहा वर्षं पडतोय, एकदाही खरचटलं नाही.

माझा खिन्नाप्पा बगळा पतसंस्थेत कारकून.
तो पडत नाही. तो पंख्याकडे बघतो.
पंखा बंद आहे हे कळायला मी त्याला सात सेकंद देते.
आठव्याला तो म्हणतो,
"वारा मंजूर झालाय, शाखेपर्यंत पोचला नाही."
एवढंच. पुढचं दृश्य.

मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत,
चॅनेलवाल्याचा फोन आला:
दोघांना एका भागात घ्या,
दुप्पट पोरं बघतील.
त्याला ती बेरीज वाटली.

साखर पेठेत बंद मागांच्या शेडमध्ये आमचा स्टुडिओ.
फरशीतून अजून मागांचे बोल्ट वर आलेत, ठेच लागते.
उभ्याआडव्या धाग्यांची उपमा इथं कृपया कुणी देऊ नये.
धागे भांडत नाहीत.
आम्ही अकरा दिवस भांडलो.

इलियास म्हणाला, जिन्यावर तेल सांडू,
फुग्या घसरेल, जाताना तुझ्या बगळ्याला घेऊन.
मी म्हटलं, खिन्नाप्पाला हाडं आहेत.
"काय बे, कार्टून आहे ते."
असेल. पण दुसऱ्या भागात त्याचा गुडघा दुखलाय,
चौथ्यात त्याचं बिल आलंय.
तुझ्या जिन्यावरून तो पडला
तर खाली मला सिव्हिल हॉस्पिटल काढावं लागेल
आणि पोरं गप्प होतील.
"आणि तुझे सात सेकंद? तेवढ्यात
माझा पैलवान उपाशी मरतो बे."

नायना संध्याकाळी डबा घेऊन येतात आणि बसून राहतात.
मल्लेशम येलदी, एकतीस वर्षं माग चालवला,
कान तिथंच ठेवून आले.
फुग्या पडला की मांडीवर थाप मारतात.
खिन्नाप्पा आला की शेंगा सोलायला घेतात.
मला वाटायचं, त्यांना माझा विनोद कळत नाही.
मागावरची माणसं ओठ वाचतात, हे मला जन्मापासून माहीत.
बगळ्याला ओठ नसतात,
हे मात्र बाराव्या रात्री सुचलं,
त्याची चोच सतराशेव्यांदा उघडमीट करताना.

मग मी त्याला काही बोलूच दिलं नाही.
फुग्या घसरत जातो, चपटा होतो, टुणकन,
पुन्हा वर येतो, पुन्हा घसरतो.
खिन्नाप्पा मधल्या पायरीवर.
पहिल्यांदा फाईल या पंखातून त्या पंखात घेतो.
दुसऱ्यांदा भिंतीला सरकून वाट देतो,
शेजारधर्म म्हणून.
तिसऱ्यांदा तेलाकडे बघतो.
सात सेकंद.
मग फाईल खाली ठेवतो, तिच्यावर बसतो,
आणि दुखरा गुडघा हातभर पुढं धरून
एक पायरी,
एक पायरी,
एक पायरी उतरतो.

नायनांच्या हातातली शेंग पडली.
ते हसले, बहिरी माणसं हसतात तसे, मोठ्यानं,
आपल्याला ऐकू येत नाही म्हणून कुणालाच येत नसावं असे.
टरफलं उडून की-बोर्डात गेली.
"बिड्डा, हा आमचा जॉबर!
संपात गेटवरून असाच उतरला होता, टॉवेलावर बसून!"
इलियास काही बोलला नाही.
त्यानं उठून भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला,
आणि आवाज बंद केला.

चॅनेलनं सातचे तीन सेकंद करा म्हणून कळवलं.
फोनवर इलियास भांडला, पाऊण तास,
मी असते तर तिसऱ्या मिनिटाला हरले असते.
साडेपाचवर तोडलं.

मी दुसऱ्या दिवशी जिन्यावर
थोडं तेल वाढवून दिलं.