पश्चात परिवार

बातमी चार ओळींची, पान पाचवर,
पाणी बंदच्या जाहीर सूचनेखाली:
माजी राज्य विजेत्या टेनिसपटू यमुना घरत,
वय पंचावन्न, राहणार नेरुळ. अविवाहित होत्या.
त्यांच्या पश्चात दोन भाऊ, भावजया, पुतणे
असा परिवार आहे.

मी चहाचा कप नेमका तिथेच टेकवला.

कोर्ट आहे तिच्या आजाच्या मिठागरावर.
सिडकोची मोजणीची साखळी पडली तेव्हा ती नऊ वर्षांची,
हातात पावडी, पावडीखाली करकरणारं मीठ.
नंतर पेपरवाले विचारायचे, फोरहँड कुणी शिकवला?
"मिठानी," ती सांगायची.
ते हसायचे, आणि कुठल्यातरी सरांचं नाव छापायचे.
आजही मे महिन्यात बेसलाइनपाशी पांढरं फुटतं,
माळी झाडतो,
दुसऱ्या दिवशी परत.

बारा वर्षांची होती तेव्हा साहेबांचे चेंडू उचलायची.
साहेबांच्या मुलीने टाकलेली रॅकेट,
मूठ सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली.
बाकीचं तुम्हाला कपाटातले करंडक सांगतील,
तेवढं त्यांना येतं.

ते सांगणार नाहीत ब्याण्णवची फायनल, ठाण्यातली.
तिसरा सेट, तिचा चेंडू कोपऱ्यात,
टाळ्या सुद्धा सुरू झालेल्या,
आणि रेषेवरच्या खुर्चीतून एक हात आडवा झाला: आऊट.
कुमुद वैशंपायन. नौपाड्यातल्या शाळेत भूगोल शिकवायची,
रविवारी रेषा बघायची.
यमुना चालत गेली, वाकली, खूण पाहिली,
मान डोलावली. हरली.

संध्याकाळी तलावपाळीला दोघींत एक भेळ.
"राग आला?"
"दोन बोटा भायेर व्हता. मना आजून कोनी
येवरा खरा सांगला नव्हता."

पुढची तीन वर्षं ती जिंकली.
पुढची बत्तीस वर्षं दारावर दोन आडनावं होती.
लोक म्हणाले मैत्रिणी. लोक म्हणाले मावसबहिणी असतील,
एक घरत आणि एक वैशंपायन, तरीही.
एकदा जिमखान्याच्या सत्कारात, शाल खांद्यावर,
तिने माईकमध्ये सांगितलं:
"ही कुमुद. माझा घर हिच्यापाशी हाय."
एवढंच. नारळ हातात तसाच.

पुढच्या महिन्यात कोचिंगचा करार संपला,
नवा झालाच नाही. मग पहाटे, फुकट,
दिवे लागायच्या आधी शिकवायची.
चौदा मुलींपैकी पाच उरलो.
माझ्या आईने डबा भरता भरता विचारलं,
"सर्व्हिस नीट शिकवते ना? मग जा."
शून्याला ती भोपळा म्हणायची.
भोपळा-पंधरा, भोपळा-तीस. ओरडून.
आम्ही बाहेर स्पर्धांत तसंच मोजलं, दंड भरला.

परवा कोर्टाला तिचं नाव दिलं.
झेंडूच्या माळा, पडदा, भाऊ पहिल्या रांगेत,
कुमुदताई सहाव्या, खांबाआड.
पाहुणे म्हणाले, यमुनाताईंनी संसार केला नाही,
खेळालाच आयुष्य वाहिलं,
शेवटपर्यंत एकट्या...

आणि खांबाआडून एक हात आडवा झाला,
कोपर ताठ, तळवा खाली,
साठीचा, किंचित थरथरणारा:
"आऊट."

मोठ्याने नाही. वर्गात म्हणावं तसं.
कुणी खोकलं. पाहुण्यांनी कागद उलटला.
मी उठले, तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले,
खुर्ची तिने पर्स ठेवून राखली होती
कुणासाठी, विचारलं नाही.

बातमी दुरुस्त होणार नाही, मी फोन केला होता.
ते म्हणाले, घरच्यांनी दिला तसा मजकूर.

सकाळी सहाला नऊ जणी आल्या.
सर्वात धाकटी, दात पडलेली,
ज्या बाईला तिने कधी पाहिलंच नाही
तिच्या आवाजात ओरडली: भोपळा-पंधरा!
रेषेवर पुन्हा मीठ आलं होतं.
मी झाडू बाजूला ठेवला.