साडेसहाशे वॅट

यादी मी विजेच्या बिलामागे लिहिली होती.
प्रोसेसर, मदरबोर्ड, सोळाच्या दोन रॅम,
आणि सगळ्यांत वर, दोनदा गिरवून, ग्राफिक्स कार्ड.
सत्तर हजार. त्यातले बारा भिशीचे.

बाबा म्हणाले, मीपण येतो.
'कशाला' हा शब्द मी दारातच गिळला.
त्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे
पहाटेपर्यंत जळणारी माझी ट्यूब,
सातव्या मजल्यावर गोठलेला कुणा बिल्डरचा टॉवर
आणि माझी एक शिवी.

लॅमिंग्टन रोड. गालांचं दुकान.
एकच स्टूल, त्यावर बाबा, मांडीवर छत्री.
गाला खोकी उघडत होता, बोलणं निम्मं आकड्यांत:
हा सगळे नेतात, ह्याची तीन वर्षं वॉरंटी,
कार्ड सोमवारपासून चार हजारांनी वर गेलंय, माझ्या हातात नाही,
आणि पॉवर सप्लाय काय, कुठलाही चालतो ताई,
कॅबिनेटसोबत फुकट टाकतो.

'फुकट' ऐकून बाबा उठले.
तो डबा तळहातावर घेतला
आई पापलेट उचलून बघायची तसा,
आणि म्हणाले, हलका आहे.
तांबं नाही आत.

काका, तुम्ही कुठल्या लाइनीत?

बाबांनी बाहेर बोट केलं.
तो रसवाला उभा आहे ना, त्याच्या चाकाखाली
माझा एक जॉइंट आहे. शहाण्णवचा.
रात्री दोनला खड्ड्यात उतरलो,
शिसं वितळवून जोड पुसला, वर डांबर ओतलं.
ह्या ओळीतले पंखे फिरले तेव्हा वर आलो.
तुम्ही होतात तेव्हा इथे?

वडील होते, गाला म्हणाला. टेपरेकॉर्डरची हेडं विकायचे.
त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

मला आठवत होता तो
मी शाळेला निघताना झोपायला येणारा माणूस,
खिडकीला वर्तमानपत्र लावून.
त्याच्या नखांतलं काळं आई रॉकेलने काढायची.
खड्ड्यातले बाबा मी पाहिलेच नव्हते.

मग जड डबा आला. साडेसहाशे वॅट. सात हजार चारशे.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, लेबल नाकाजवळ धरलं,
बारा व्होल्टच्या ओळीवर बोट ठेवून अँपिअर वाचले
एखाद्याचं पत्र वाचावं तसे.
मला 'घे' म्हणाले नाहीत. 'नको'ही नाही.

मी बिलामागे वजाबाकी केली. पुन्हा केली.
गालाने हळूच एक जुनं कार्ड पुढे सरकवलं,
मायनिंगमधून सुटलेलं, अर्ध्या भावात.
माझा हात गेलाच होता.
बाबांनी ते हुंगलं.
जळलंय, म्हणाले. परत ठेव.

दोनदा गिरवलेल्या नावावर एक रेघ मारली.
दिवाळीनंतर बघू.
मग कार्डाशिवाय साडेसहाशे कशाला, गालाचा प्रश्न.
केबल उद्याच्या लोडाची टाकतात, भाऊ.

रात्री घोडपदेवच्या खोलीत, दिवाणावर जुनी चादर अंथरून
मी पेच पिळले. बाबांनी बॅटरी धरली.
लहानपणी फ्यूज गेला की मी धरायचे,
आणि प्रत्येक वेळी 'हलवू नकोस' असं ऐकायचे.
आता त्यांचा हात हलत होता.
मी काही बोलले नाही.
वायरी त्यांनी मेणाच्या दोऱ्याने बांधल्या,
दर चार बोटांवर एक गाठ,
उद्या काच लावली तरी दिसणार नाहीत अशा जागी.
कार्डाचा स्लॉट रिकामा. तिथे फक्त हवा जाईल.

बटण दाबलं.
काहीच नाही.
पुन्हा दाबलं. माझ्या पोटात खड्डा.
रॅम नीट बसली नाही? बोर्ड गेला?
सत्तर हजार डोळ्यांसमोर अंधारात बसलेले.

बाबांनी हात मागे घातला, एक टिक वाजलं,
पंखा फिरला.

मागचं बटण, ते म्हणाले.
चौतीस वर्षं लोक मला अर्ध्या रात्री उठवायचे.
निम्म्या वेळा मागचं बटणच असायचं.