केसांचं वजन

कापणी सरली की केसवाला यायचा,
सायकलीला पितळी तराजू बांधून.
नाजूच्या आमच्या अंगणात
आईने अंबाडा सोडला
तेव्हा मला कळलं तो किती लांब होता.
कात्री चालली, काटा हलला,
माझी वर्षाची फी निघाली
आणि वर ओंजळभर सुकी मासळी.
डोक्याला पांढरा रुमाल बांधून
ती तशीच बार्ली पेरायला गेली.

भात त्या साली उदंड आला होता.
सरकारी गोदामातला माणूस पोती मोजत म्हणाला,
भाव नाही वाढवता येत, काका.
सोलच्या कारखान्यांतल्या पोरी हाच भात खातात.
भात स्वस्त तर पगार स्वस्त,
पगार स्वस्त तर माल जातो समुद्रापार.
वडिलांनी मान डोलावली.
ते कुणापुढेही मान डोलवायचे.
रात्री मात्र खताची पावती
दिव्याजवळ धरून कितीदा वाचली.

माल्सुन तेव्हा सतरा वर्षांची.
नावाचा अर्थ, शेवटची मुलगी.
आता तरी मुलगा होऊ दे, म्हणून ठेवलेलं.
तो मुलगा मी.

पहाटेच्या गाडीने ती गेली,
मांडीवर उकडलेली रताळी.
गुरोमध्ये टोप विणायचं काम:
आकड्याच्या सुईने जाळीत
एकेक केस, गाठ,
एकेक केस, गाठ.
तिने लिहिलं होतं:
‘आज हातात आलेली जुडी हुंगून पाहिली.
साबणाचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.
मुकादम ओरडला.
इथे भात पोटभर मिळतो, स्वस्त आहे.
आपल्याकडचाच असेल का रे?
तू गणित सोडू नकोस.’

मी गणित सोडलं नाही.
तिच्या मनिऑर्डरींवर शिकलो, मास्तर झालो.
घरावरचं गवत गेलं, सिमेंटचे पत्रे आले,
पहिल्या उन्हाळ्यात आई म्हणाली,
छान आहे, फक्त झोप येत नाही.
शेताच्या जागी आता टायरचं गोदाम आहे.
दर वर्षी फळ्यावर मी प्रश्न लिहितो:
देश शेतीकडून उद्योगाकडे का वळला?
पोरं पाच कारणं लिहितात. मी पाच गुण देतो.

परवा ताई जेवायला आली होती.
डोळे अधू झालेत तिचे, चश्मा जाड.
वाडग्यातल्या भातात माझ्या लेकीचा केस निघाला.
लेक ओशाळली.
ताईने तो चिमटीत धरला, खिडकीकडे नेला,
दोन बोटांवरून ताणून पाहिला.
‘अठरा इंच,’ म्हणाली. ‘पहिला दर्जा.’
आणि वाडगा पुन्हा पुढे ओढला.