तीन दिनार, पाण्याच्या बाटलीसह

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत आम्ही नऊजण.
दोन जर्मन, केरळातलं एक कुटुंब,
त्यांचा एक कंटाळलेला मुलगा,
मी, आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली आई,
पायात माझे बूट, तिला एक आकडा मोठे.

लुलवा पुढे चालते, हातात छत्री, तोंडात सनावळी.
ही भिंत समुद्रातल्या दगडाची, म्हणते,
ओहोटीला कापून आणलेला प्रवाळ,
हात लावा, चालेल.
सगळे फोटो काढतात.
आई हात लावते. मग तो हात हुंगते.

दाराची फळी सागाची. तुमच्याकडचा,
लुलवा आम्हाला म्हणते,
आणि आम्ही दोघी उगाच मान डोलावतो,
जणू आम्हीच पाठवला होता.

नोखदा म्हणजे गलबताचा कप्तान.
"नाखवो," आई पुटपुटते,
वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखी.

काचेखाली एक आखूड, वाकडा सुरा.
याने शिंपले उघडत, पहाटे, डेकवर ओळीने बसून,
नोखद्याची नजर प्रत्येक बोटावर.
आई काचेला नाक लावते.
आमच्या खाडीत ती गुडघाभर चिखलात
लोखंडी टोच्याने कालवं फोडायची,
डबा भरला की सडा चढून बाजार.
माझ्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी
त्या वासाची होती.
"मूठ वायच आखूड आसा. हात कापतलो."
मी भाषांतर करते.
कापायचाच, लुलवा म्हणते.

"आणि मास? ता काय करीत?"
परत समुद्रात.
आई केरळच्या बाईकडे बघते,
केरळची बाई हळहळून मान हलवते.
तेवढ्यात दोघींचं जमतं.

मग वजनं, इवलाली, गोमेदाची.
मोत्याचं मोल चवमध्ये काढत, लुलवा सांगते,
मुंबईच्या पेढ्यांवरचं माप.
"चव? म्हणजे चाखान बघीत?"
मला हसू येतं, मग त्या हसण्याची लाज.
सांगावं की नको.
सांगते.
लुलवा छत्री मिटते.
हो, म्हणते, माझे पणजोबा
मोती पुढच्या दातांवर घासत.
खरा असला तर बारीक वाळूसारखा लागतो.
हे माझ्या कागदात लिहिलेलं नाही.

पुढच्या खोलीत एक वही.
हंगामाआधी पैसे, हंगामानंतर वजावट,
बाप बुडाला की पान मुलाच्या नावावर.
"उचल," आई म्हणते, कोणी न विचारता.
हे मी भाषांतर करत नाही.
माझ्या एजंटचे अजून सात हप्ते आहेत,
तिला मी तीन सांगितलेत.

शेवटचा थांबा किनारा.
म्हणजे इथे किनारा होता.
लुलवा चपलेच्या टाचेने डांबरावर रेघ ओढते,
इथवर पाणी, उंबऱ्यावरून थेट होडीत पाय.
आता चौपदरी रस्ता, गाड्यांचं शोरूम,
त्यामागे भराव, भरावावर क्रेन,
आणि क्रेनच्या पायांमधून
दोऱ्याएवढं निळं.
"दर्यो खंय गेलो?"
हा प्रश्न लुलवाला भाषांतराशिवाय कळतो.
ती नुसताच हात लांब करते.
जर्मन विचारतात, स्वच्छतागृह कुठे.

दुकानात एकशे ऐंशी दिनारांची कुडी.
विक्रेता सिल्हेटचा, तो दुसरीकडे बघत असताना
माझी आई, जिने जन्मात कधी
दुकानातली द्राक्षंही चाखून घेतली नाहीत,
ती उचलते आणि दातांवर घासते.
थांबते. पदराने पुसते.
मखमलीच्या खळग्यात होती तशी ठेवते.

बसमध्ये घर येईपर्यंत
ती जिभेने दात चाचपत राहते.
खरा होता का गं, मी विचारते.
बूट काढून पाय मोकळे करत
ती खिडकीबाहेर बघते.
"खारट नाय," म्हणते.