कल

झाखेले रोलर चालवायचा.
लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यानं मला
त्याचा रस्ता दाखवायला नेलं,
उसाच्या मळ्यांतून डर्बनकडे उतरणारा,
डांबराचा वास अजून न गेलेला.
मधल्या पांढऱ्या रेघेवर त्यानं एक संत्रं ठेवलं
आणि हात काढून घेतला.
संत्रं क्षणभर विचारात पडलं,
मग घरंगळत कडेच्या गवतात गेलं.
"सपाट दिसतो ना? नाहीये.
पाणी साचलं की रस्ता मरतो.
म्हणून कल ठेवायचा. थोडासाच.
कुणाला कळू न देता."

मला कळतोय, झाखेले.
एकोणतिसाव्या किलोमीटरपासून
माझ्या डाव्या खुब्याला कळतोय.

शर्यत डावीकडून पळायची, उजवी बाजू ट्रकांची.
तेव्हा डावा पाय सारखा बोटभर खाली,
उजवा सारखा बोटभर वर,
जणू पहाटे साडेपाचपासून
मी एकच पायरी उतरते आहे
आणि ती संपत नाही.

आमची बस पुढे चालली आहे.
बस म्हणजे आम्हीच, साठेक माणसं
एका पिवळ्या निशाणामागे,
आणि चालक बाबा म्ख्वानाझी, शाळेचा निवृत्त शिपाई.
चढ आला की तो विजेचे खांब मोजतो.
दोन खांब चाला. तीन खांब पळा.
डोंगराकडे कुणी बघायचं नाही, म्हणतो,
त्याला बघितलेलं आवडतं, तो मोठा होतो.
पुढच्याच्या टाचा बघा.
माझ्यापुढे ह्लेंगिवेच्या टाचा आहेत,
डाव्या मोज्याला भोक.
अकरा खांब मी त्या भोकाच्या भरवशावर चढले.

चढाशी माझं भांडण नाही.
तो तोंडावर मागतो: दम दे, मांड्या दे.
दिलं की वाट सोडतो.
उताराचं बोलणं गोड.
ये, ये, म्हणतो, फुकट आहे सगळं;
आणि बिल सोमवारी पाठवतो,
जेव्हा मी दवाखान्याचा जिना
कठडा धरून उलटी उतरते
आणि नर्सबाई लादी पुसायचं पाणी
माझ्याआधी खाली नेऊन ठेवतात.

कल मात्र काहीच मागत नाही.
शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा
दिवसभर चालू राहतो, हळू आवाजात,
आणि संध्याकाळी कळतं
आपलं डोकं का दुखतंय.

एक्केचाळीस. मला राहवलं नाही.
बस सोडली, तिरकी गेले, थेट मधल्या रेघेवर.
तिथे संत्र्याएवढीच जागा सपाट आहे.
एक खांब. दोन्ही पाय सारखे.
दोन खांब. अरे, मला दोन सारखे पाय आहेत!
तिसऱ्या खांबाला एका पोरानं शिट्टी फुंकली,
"आई, कडेला! ट्रक येतोय!"
मी परत खाली आले,
जिथे पाणी जातं तिथे.

सत्तेचाळीसच्या वळणावर तो उभा होता,
हातात डबा, उकडलेले बटाटे, वर जाडं मीठ.
पंचवीस वर्षं डाव्या खांद्यावरून मागे बघत
रोलर चालवलेला माणूस,
उभासुद्धा डावीकडे झुकून राहतो.
आजवर मला हे दिसलं होतं,
मी त्याला त्याची ऐट समजत होते.

शिव्या मी मोजून आणल्या होत्या,
किलोमीटरला एक, अशा अठरा.

"कसा आहे रस्ता?" त्यानं विचारलं.
घाबरतच. असं मुलाचं प्रगतिपुस्तक विचारतात.

मी एक बटाटा उचलला.
"पाणी कुठे साचलेलं नाही," म्हटलं,
आणि तोंडात मीठ घेऊन निघाले.
पिवळं निशाण दोन खांब पुढे गेलं होतं.