एकतीस मरणं

असोळण्याच्या पंचायत हॉलमध्ये
लिजिया कुलासोने चष्मा पुसला, माइकवर टिचकी मारली
आणि म्हणाली, हा माणूस पडद्यावर एकतीस वेळा मेला.
मी खुर्च्या मोजत होतो. साठ मांडलेल्या, भरल्या बावीस,
त्यातले चौघे मडगावच्या शेवटच्या बसची वाट बघणारे.

नाव लिओन टारेक. हे स्टुडिओने ठेवलेलं.
कधी शेख, कधी मेक्सिकन दरोडेखोर,
एकदा चिनी व्यापारी, डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीने ओढून.
नायिकेला हात लावायच्या आत गोळी लागायची.
पडायचा मात्र असा
की घोडेसुद्धा मान वळवून बघत.

खरं नाव?
बाप्तिस्म्याच्या वहीतलं नेमकं ते पान वाळवीने खाल्लंय.
एका जहाजाच्या यादीत एक आचारी आहे,
सान पेद्रोला उतरलेला, परत न चढलेला.
गावातली तीन घरं त्याला आपला म्हणतात:
एका घरात पत्र्याची पेटी, दुसऱ्यात नुसतं नाक,
तिसरं घर कायम बंद, पण शेजारी शपथेवर सांगतात.

नऊ वर्षं गेली तिची.
लिस्बनचं दफ्तर, लॉस एंजेलिसमधली दोन स्मशानं,
आणि एका मेकअपवाल्याची म्हातारी मुलगी,
जिला एवढंच आठवत होतं की तो मासे हाताने खायचा
आणि काटे ताटाच्या कडेला ओळीने लावायचा.
हे मी पुस्तकात घातलं नाही, लिजिया म्हणाली.
का, ते नाही सांगितलं.

मग भिंतीवरच्या चादरीवर वाळवंट आलं, अर्थात नकली.
सत्ताविसावं मरण.
पटकथेत एवढंच लिहिलेलं: अरबीत काहीतरी पुटपुटतो.
तो पुटपुटला.
तिने पुन्हा लावलं. मला पंखा बंद करायला सांगितला.

मांय, उदोक.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.
बसवाल्यांतल्या एकाने टोपी काढली, परत घातली.
किती गावांच्या, किती थिएटरांच्या अंधारात
हा आवाज फिरला असेल,
आणि सगळ्यांनी तो अरबी म्हणून ऐकला.
पुरावा म्हणाल तर इतकाच, ती म्हणाली, दोन शब्द.
कोर्टात उभे राहणार नाहीत.

तिसऱ्या रांगेत एस्पेरांसा बाय उठली,
काठी खुर्चीला टेकवून.
तिला स्टुडिओ, चरित्र यातलं किती कळलं, देव जाणे.
"मागीर?" तिने विचारलं. "कोणें दिलें?"

चादरीवर तो वाळूत तोंड खुपसून थांबलेला.
पुढचं दृश्य दुसऱ्याचं होतं: नायक, घोडा, मावळतीचा सूर्य.
लिजिया कुलासोने जाडजूड वही उघडली
आणि पानं उलटू लागली, शेवटाकडून सुरुवातीकडे.
बाहेर बसने हॉर्न दिला. चौघांतला एकच उठला.
पंखा लावायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही.